अँड्र्यू जॉन्सन आणि १८६६ चा नागरी हक्क कायदा: आक्षेप राज्यघटनेचा होता की समतेचा?

दप्तरखाना

अमेरिकेतील यादवी युद्धाविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा लिंकन यांच्या हत्येपाशी थांबते, किंवा तिथून थेट विसाव्या शतकातील चळवळीकडे जाते. मधली बारा वर्षे, म्हणजे १८६५ ते १८७७ हा पुनर्रचनेचा काळ, आपल्याकडे जवळजवळ अनुल्लेखित राहिला आहे. हा धागा त्या काळातील एकाच प्रसंगासाठी काढतो आहे. २७ मार्च १८६६ रोजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी नागरी हक्क विधेयक सही न करता सिनेटकडे परत पाठवले. त्यांनी सोबत जोडलेले निवेदन मुळातून वाचावे असे आहे, कारण पुढची शंभर वर्षे नागरी हक्कांच्या विरोधात जे युक्तिवाद झाले त्यांतील बहुतेकांची बीजे त्यात सापडतात.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. एप्रिल १८६५ मध्ये सत्ता हाती आलेले जॉन्सन मूळचे डेमोक्रॅट, टेनेसीचे, आणि स्वतः गुलाम बाळगलेले गृहस्थ होते. परंतु दक्षिणेतील राज्ये फुटून निघाली तेव्हा त्या राज्यांच्या सिनेटरांपैकी आपली जागा न सोडणारे ते एकटेच, आणि या निष्ठेपायीच १८६४ मध्ये लिंकन यांच्या जोडीला त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली होती. डिसेंबरपर्यंत काँग्रेसचे (अर्थात अमेरिकेच्या संसदेचे) अधिवेशन नव्हते. त्या जवळजवळ आठ महिन्यांत जॉन्सन यांनी दक्षिणेची घडी एकहाती बसवली: माफीचे जाहीरनामे काढले, हंगामी गव्हर्नर नेमले, आणि गुलामगिरी रद्द करणे, बंडखोर सरकारांचे युद्धकर्ज नाकारणे अशा मोजक्या अटींवर राज्यांना पुन्हा आपापला कारभार करू दिला. मुक्त झालेल्या चाळीस लाख माणसांचे पुढे काय, याचे उत्तर त्या अटींत नव्हते.

ते उत्तर राज्यांनीच दिले. मिसिसिपीने नोव्हेंबर १८६५ मध्ये आणि दक्षिण कॅरोलायनाने डिसेंबरमध्ये केलेले कायदे 'ब्लॅक कोड' म्हणून ओळखले जातात. मिसिसिपीत कृष्णवर्णीयाला दर जानेवारीत आपल्याकडे काम असल्याचा लेखी पुरावा बाळगावा लागे; मुदतीआधी काम सोडून गेल्यास त्याला धरून परत आणता येई; गावाशहरांच्या हद्दीबाहेर जमीन भाड्याने घेण्याची त्याला मुभा नव्हती; आणि अनाथ किंवा आईबापांना पोसता न येणाऱ्या मुलांना उमेदवारीच्या (म्हणजे काम शिकवण्याच्या) नावाखाली कामाला जुंपताना त्यांच्या जुन्या मालकाला प्राधान्य मिळे. दक्षिण कॅरोलायनात शेतीकाम आणि चाकरी सोडून दुसरा कोणताही धंदा करायचा झाल्यास न्यायाधीशाकडून दरसाल परवाना घ्यावा लागे आणि त्यासाठी धंद्यानुसार १० ते १०० डॉलर भरावे लागत. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती त्याच डिसेंबरात मंजूर झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या कायद्यांचा हेतू वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या परिस्थितीवर इलिनॉयचे सिनेटर लायमन ट्रम्बुल यांनी ५ जानेवारी १८६६ रोजी दोन विधेयके मांडली. एक होते मुक्त झालेल्यांना मदत करणाऱ्या 'फ्रीडमेन्स ब्यूरो' या सरकारी खात्याची मुदत आणि अधिकार वाढवणारे. दुसरे नागरी हक्कांचे. ट्रम्बुल हे रिपब्लिकन पक्षातील मवाळांपैकी. सम्नर आणि स्टीव्हन्स या जहालांच्या पंक्तीत त्यांना कोणी बसवले नसते. त्यांचे नागरी हक्क विधेयकही तसे मर्यादितच होते. अमेरिकेत जन्मलेली आणि परकीय सत्तेच्या अधीन नसलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे (कर न भरणारे मूळ रहिवासी मात्र वगळून), आणि करार करणे, दावा लावणे, साक्ष देणे, वारसा मिळवणे, मालमत्ता घेणे व विकणे, तसेच जीविताला आणि मालमत्तेला कायद्याचे संरक्षण मिळणे या बाबतींत प्रत्येक नागरिकाला गोऱ्या नागरिकाइतकेच हक्क आहेत, एवढे ते म्हणत होते. कायद्याच्या किंवा रूढीच्या आधाराने हे हक्क नाकारणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, आणि खटला संघराज्याच्या न्यायालयात. मतदानाच्या हक्काचा त्यात उल्लेखही नव्हता. ट्रम्बुल यांनी मसुदा आधी जॉन्सन यांना दाखवला होता आणि सही होईल अशी त्यांची समजूत होती. ओहायोचे गव्हर्नर जेकब कॉक्स यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सही करण्याचाच सल्ला दिला होता.

जॉन्सन यांनी तो मानला नाही. त्यांच्या निवेदनात दोन प्रकारचे आक्षेप एकमेकांत मिसळलेले आहेत. पहिला प्रकार घटनात्मक आहे. छत्तीसपैकी अकरा राज्यांचे प्रतिनिधी सभागृहात नसताना इतका मूलगामी कायदा करणे योग्य नाही. राज्यांतर्गत मालमत्ता, करार आणि साक्षीपुरावा हे विषय राज्यांचे आहेत. राज्याचा कायदा पाळणाऱ्या न्यायाधीशालाच गुन्हेगार ठरवणे हा न्यायसंस्थेवरील घाला आहे. आणि या वाटेने सारी सत्ता वॉशिंग्टनमध्ये एकवटेल. दुसरा प्रकार मात्र निराळाच आहे. युरोपातून येणाऱ्या सुजाण परदेशी माणसालाही नागरिकत्वासाठी पाच वर्षे थांबावे लागते, मग नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्यांना ते एका फटक्यात का द्यावे, असा प्रश्न त्यांनी केला. चिनी आणि जिप्सी लोकही यामुळे नागरिक ठरतील, याकडे लक्ष वेधले. एकदा हे हक्क ठरवण्याचा अधिकार काँग्रेसला दिला की आंतरवर्णीय विवाहाची बंदीही ती उठवू शकेल, असा इशारा दिला. आणि शेवटी, हा कायदा कृष्णवर्णीयांच्या बाजूने व गोऱ्यांच्या विरुद्ध भेदभाव करतो, असेही लिहिले.

ज्यांना साक्ष देण्याचाही हक्क नव्हता त्यांना तो देणे म्हणजे इतरांवर अन्याय, हा युक्तिवाद १८६६ इतक्या लवकर मांडला गेला, याचे मला अजूनही नवल वाटते.

६ एप्रिलला सिनेटने ३३ विरुद्ध १५ आणि ९ एप्रिलला प्रतिनिधिगृहाने १२२ विरुद्ध ४१ मतांनी हा नकाराधिकार मोडून काढला. एखादा महत्त्वाचा कायदा राष्ट्राध्यक्षांच्या विरोधानंतरही मंजूर होण्याची ही अमेरिकेच्या इतिहासातील पहिली वेळ. चर्चेसाठी प्रश्न असा: जॉन्सन यांचा घटनात्मक आक्षेप प्रामाणिक होता का?

अधोरेखित

लेख आवडला, परंतु प्रश्नाचा रोख मला थोडा एकतर्फी वाटतो. घटनात्मक शंका ही केवळ पळवाट होती असे म्हणण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय हे अमेरिकेचे नागरिक असूच शकत नाहीत असे म्हटले होते. तो निकाल कितीही निंद्य असला तरी घटनेचा अन्वयार्थ म्हणून उभा होता, आणि साध्या कायद्याने तो पुसता येतो का, हा कायद्याच्या विद्यार्थ्याला पडणारा रास्त प्रश्न आहे. दुसरे म्हणजे, ही शंका फक्त जॉन्सन यांची नव्हती. ओहायोचे जॉन बिंगहॅम हे पक्के रिपब्लिकन आणि गुलामगिरीचे जुने विरोधक. त्यांनीही काँग्रेसला हा अधिकार नाही, त्यासाठी आधी घटनादुरुस्ती हवी, असे सांगून प्रतिनिधिगृहात विधेयकाविरुद्ध मत दिले. बिंगहॅम यांना आपण समतेचे शत्रू म्हणणार नाही. मग तोच मुद्दा मांडणाऱ्या जॉन्सन यांना त्याच मुद्द्यासाठी तसे का म्हणावे?

अकरा राज्यांच्या गैरहजेरीचा मुद्दाही निव्वळ हास्यास्पद नाही. तेराव्या दुरुस्तीला मान्यता देताना दक्षिणेतील विधिमंडळांची मते मोजण्यात आली होती. राज्य म्हणून घटनेला मान्यता देण्याइतके ते अस्तित्वात आहे, मात्र सभागृहात बसण्याइतके नाही, ही भूमिका तर्काला थोडी जडच जाते.

दप्तरखाना

अधोरेखित, बिंगहॅम यांचा दाखला आपण दिलात हे फार बरे झाले, कारण माझ्या मते उत्तर तिथेच आहे. बिंगहॅम विरोध करून थांबले नाहीत. चौदाव्या घटनादुरुस्तीच्या पहिल्या कलमातील कायद्याच्या समान संरक्षणाची तरतूद प्रामुख्याने त्यांच्याच लेखणीतून उतरली. अधिकार नाही अशी शंका असेल तर अधिकार निर्माण करावा, हा सरळ मार्ग त्यांनी घेतला. काँग्रेसने ती दुरुस्ती १३ जून १८६६ रोजी संमत केली. घटनादुरुस्तीवर राष्ट्राध्यक्षांना नकाराधिकार नसतो. तरीही जॉन्सन यांनी २२ जूनला खास निवेदन पाठवून कळवले की दुरुस्ती राज्यांकडे रवाना करणे हे केवळ कार्यालयीन कर्तव्य असून त्यातून आपली संमती गृहीत धरू नये. पुढे जानेवारी १८६७ मध्ये अलाबामात या दुरुस्तीचा फेरविचार करण्याचे घाटत होते, तेव्हा त्यातून काय भले होणार, अशा आशयाची तार त्यांनी तिथल्या माजी गव्हर्नरांना केली. टेनेसी वगळता दक्षिणेतील साऱ्या राज्यांनी दुरुस्ती त्या फेरीत फेटाळली. ज्याचा आक्षेप खरोखर अधिकाराच्या अभावाला आहे, तो अभाव भरून काढणाऱ्या उपायाला इतका कडवा विरोध का करील?

दुसरी कसोटी वॉशिंग्टन शहराची. तिथे राज्यच नाही. घटनेने त्या प्रदेशाचा संपूर्ण कारभार काँग्रेसकडे सोपवलेला आहे. काँग्रेसने तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाचा हक्क देणारे विधेयक संमत केले, तेव्हा राज्यांच्या अधिकारांचा मुद्दा उपलब्धच नव्हता. जानेवारी १८६७ मध्ये जॉन्सन यांनी त्यावरही नकाराधिकार वापरला, आणि कारण काय दिले, तर शहरातील गोऱ्या मतदारांनी आधीच याविरुद्ध कौल दिला आहे. ज्यांना मत नाही त्यांना ते द्यावे की नाही, हे ज्यांना मत आहे त्यांनाच विचारून ठरवायचे!

तिसरी गोष्ट आपल्या दुसऱ्या मुद्द्याविषयी. राज्यांच्या अंतर्गत कारभारात संघराज्याने हात घालू नये असे म्हणणाऱ्या याच राष्ट्राध्यक्षांनी १८६५ मध्ये त्या राज्यांवर स्वतःच्या सहीने गव्हर्नर नेमले होते आणि त्यांच्या घटनांत काय असावे याच्या अटी घातल्या होत्या. तेव्हा काँग्रेसला विचारलेही नव्हते. तर्काला जड जाणारी भूमिका दोन्हीकडे होती, हे मला मान्य आहे; परंतु ती कोणासाठी वापरली गेली हा फरक उरतोच.

टेनेसीकर

मी टेनेसीच्या पूर्व भागात गेली बरीच वर्षे राहतो. जॉन्सन यांचे ग्रीनव्हिल गाव इथून फार दूर नाही. त्यांचे शिंप्याचे छोटेसे दुकान तिथे विटांच्या एका इमारतीच्या आत जसेच्या तसे जपून ठेवले आहे, आणि गावाजवळच्या टेकडीवर त्यांची कबर आहे. राष्ट्रध्वजात गुंडाळून आणि डोक्याखाली राज्यघटनेची प्रत ठेवून त्यांना पुरले, असे तिथे सांगतात. घटनेविषयीची त्यांची भक्ती सोंग होती असे मला म्हणवत नाही. त्यांची घटना १८६० साली जिथे होती तिथेच थांबली होती, एवढेच.

त्यांच्या स्वभावाची एक गाठ मात्र सुटल्याशिवाय हा विरोध समजत नाही. ते अत्यंत गरिबीत वाढले. लहानपणी रॅले शहरात एका शिंप्याकडे करारबद्ध उमेदवार म्हणून ठेवलेले असताना ते पळून गेले, आणि त्यांना पकडून आणणाऱ्यास १० डॉलर इनामाची जाहिरात मालकाने वर्तमानपत्रात दिली होती. वर उल्लेखलेले मिसिसिपीचे उमेदवारीचे कायदे आणि पळालेल्या मजुराला धरून आणण्याची तरतूद वाचताना या माणसाला स्वतःचे बालपण आठवले नसेल का? आठवलेच असेल, तरी त्याचा संबंध त्यांनी काळ्या मुलाशी जोडला नाही. त्यांचा राग मोठ्या मळेवाल्यांवर होता आणि त्यांची कणव गरीब गोऱ्यांपुरती होती. गुलाम आणि मळेवाला मिळून गरीब गोऱ्याला दाबतात अशी त्यांची धारणा होती, आणि ७ फेब्रुवारी १८६६ रोजी फ्रेडरिक डग्लस यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांचे शिष्टमंडळ भेटायला गेले तेव्हा त्यांनी तेच ऐकवले. मताधिकार दिल्यास दोन वंशांत युद्ध पेटेल, असेही बजावले.

गंमत अशी की मळेवाल्यांवरचा तो रागही टिकला नाही. मे १८६५ च्या जाहीरनाम्यात २०,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असलेल्या बंडखोरांना सरसकट माफीतून वगळले होते. त्यांनी स्वतः अर्ज करायचा होता. अर्ज आले, आणि हजारोंना माफी मिळाली. माफीबरोबर जमीन परत मिळे. जनरल शेर्मन यांच्या जानेवारी १८६५ च्या आदेशाने दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीवर सुमारे ४०,००० मुक्त गुलामांना जमिनीचे तुकडे कसायला मिळाले होते. त्यांतील बहुतेकांकडून ते काढून घेतले गेले. त्या ऑक्टोबरात एडिस्टो बेटावर ही बातमी सांगण्याचे काम फ्रीडमेन्स ब्यूरोचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांच्या वाट्याला आले. नागरी हक्कांच्या विधेयकातील 'मालमत्ता घेण्याचा हक्क' हे शब्द या घटनेनंतर केवळ तीन महिन्यांनी लिहिले गेले, ही बाब मला नकाराधिकाराच्या निवेदनाइतकीच बोलकी वाटते.

पानगळ

एक शंका. लिंकन जगले असते तर त्यांनीही असेच केले असते, असे जॉन्सन यांचे समर्थक म्हणत. लिंकन यांनीही पुनर्रचनेचे एक विधेयक अडवले होते ना?

अधोरेखित

होय, जुलै १८६४ मधील वेड-डेव्हिस विधेयक. अधिवेशन संपेपर्यंत सही न करता ते त्यांनी निकामी होऊ दिले. परंतु त्यांचा आक्षेप एकाच साच्यात सर्व राज्यांना बांधून घेण्याला होता, आणि युद्ध अजून चालू होते. मृत्यूच्या तीन-चार दिवस आधी, ११ एप्रिल १८६५ च्या भाषणात, सुशिक्षित आणि सैन्यात लढलेल्या कृष्णवर्णीयांना मत मिळावे अशी इच्छा त्यांनी जाहीरपणे व्यक्त केली होती. न्याय म्हणून हेही नोंदवतो की ऑगस्ट १८६५ मध्ये जॉन्सन यांनी मिसिसिपीच्या गव्हर्नरांना वाचता-लिहिता येणाऱ्या आणि २५० डॉलरची जमीन असणाऱ्या कृष्णवर्णीयांना मत द्यावे असे सुचवले होते. मात्र त्याच तारेत कारणही होते: त्यामुळे जहालांचा डाव फसेल. लिंकन सरकत होते. जॉन्सन डाव टाकत होते. दप्तरखाना यांच्या वॉशिंग्टनच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

घाटावरचा

अमेरिकेतील गुलाममुक्ती आणि महाराष्ट्र यांचा विषय निघाला की जोतीराव फुले यांच्या १८७३ मधील अर्पणपत्रिकेचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. या विशिष्ट कायद्याचा धागा मात्र आणखी थेट आपल्यापर्यंत पोहोचतो. पहिल्या गोलमेज परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अल्पसंख्याक उपसमितीपुढे अस्पृश्य वर्गांच्या राजकीय संरक्षणाची जी योजना ठेवली, तिच्यात समान नागरिकत्वाच्या अटीसाठी अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार दिलेला आहे; आणि नागरिकत्वाच्या हक्कांवर अतिक्रमण हा दंडनीय गुन्हा ठरवावा या मागणीसाठी ९ एप्रिल १८६६ आणि १ मार्च १८७५ या दोन अमेरिकी कायद्यांचा तारखेसह हवाला आहे. १८७५ च्या कायद्यात 'पूर्वीची गुलामगिरीची अवस्था कशीही असो' अशी शब्दयोजना होती. योजनेच्या मसुद्यात त्या जागी पूर्वीची अस्पृश्यतेची अवस्था येते, आणि खाणावळी व रस्त्यांबरोबर तळी आणि विहिरीही येतात. महाडच्या सत्याग्रहानंतर अवघ्या तीन-चार वर्षांतला हा मसुदा आहे.

बाबासाहेबांनी नेमका हाच कायदा का निवडला असेल, याचे उत्तर मूळ लेखातच आहे. हक्क जाहीर करून तो थांबत नाही. हक्क नाकारणाऱ्याला शिक्षा सांगतो, आणि खटला स्थानिक न्यायालयाऐवजी वरच्या न्यायालयात नेतो. गावातील पंच आणि गावातील न्यायाधीश ज्या समाजाचे, त्याच समाजाविरुद्ध दाद मागायची असेल तर ही तरतूद जिवाभावाची ठरते. जॉन्सन यांचा सर्वांत मोठा आक्षेपही तिच्यावरच होता.

मुद्देसूद

वरच्या प्रतिसादांत रिपब्लिकनांना जरा जास्तच स्वच्छ धुवून काढले आहे. त्या वेळी उत्तरेतील बहुतेक राज्यांतही कृष्णवर्णीयांना मत नव्हते. शिवाय ज्या दिवशी नकाराधिकाराचे निवेदन आले, त्याच २७ मार्चला न्यू जर्सीचे डेमोक्रॅट सिनेटर जॉन स्टॉकटन यांची निवडणूक अवैध ठरवून त्यांना सिनेटमधून काढण्यात आले. नकाराधिकार मोडायला लागणाऱ्या दोन तृतीयांश मतांचे गणित जुळवण्यासाठीच हे केले, असा आरोप तेव्हाही झाला होता. आणि ज्या ट्रम्बुल यांचे आपण कौतुक करतो, त्यांनीच मे १८६८ मध्ये महाभियोगात जॉन्सन निर्दोष असल्याचे मत दिले. जॉन्सन इतकेच घटनाद्रोही होते तर विधेयकाच्या जनकाने त्यांना वाचवले कसे?

दप्तरखाना

स्टॉकटन यांच्या बाबतीत पक्षीय हेतू होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र केवळ त्यांचे एक विरोधी मत धरले तरी ३३ विरुद्ध १६ होतात, आणि ४९ मतांत ३३ ही संख्या दोन तृतीयांशांना काठावर का होईना पुरते. खरी कमाई मवाळांचे मत फिरण्यात होती. १९ फेब्रुवारीला जॉन्सन यांनी फ्रीडमेन्स ब्यूरोचे विधेयक अडवले तेव्हा सिनेटमध्ये दोन मते कमी पडून त्यांचा नकाराधिकार टिकला होता. त्यानंतर तीनच दिवसांनी जमावापुढे बोलताना त्यांनी सम्नर आणि स्टीव्हन्स यांची नावे घेऊन त्यांना देशाचे शत्रू ठरवले. सहा आठवड्यांत तीच सभा त्यांच्या हातातून निसटली, आणि ब्यूरोचे सुधारित विधेयकही जुलैमध्ये त्यांच्या विरोधानंतर मंजूर झाले. कारकिर्दीअखेर त्यांचे पंधरा नकाराधिकार काँग्रेसने मोडून काढले होते. इतके दुसऱ्या कोणाचे मोडलेले नाहीत.

विरोध तिथे संपला नाही, हेही नोंदवायला हवे. कायदा पुस्तकात आला तरी अंमलबजावणी त्याच राष्ट्राध्यक्षांच्या हाती होती. ९ एप्रिलला कायदा मंजूर झाला आणि १ ते ३ मे या तीन दिवसांत मेम्फिसमध्ये ४६ कृष्णवर्णीय मारले गेले. त्यासाठी एकावरही खटला चालला नाही. काँग्रेसने १८७० मध्ये, चौदावी दुरुस्ती मंजूर झाल्यावर, हाच कायदा पुन्हा संमत करून घेतला तो बिंगहॅम यांची शंका कायमची मिटवण्यासाठी. तरी तो पुढे जवळजवळ निद्रिस्त राहिला आणि १९६८ मध्ये सेंट लुईसजवळील घरविक्रीच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला पुन्हा दात दिले.

ट्रम्बुल यांच्याविषयीचा आपला प्रश्न चांगला आहे, पण त्यातील गृहीतक मला पटत नाही. महाभियोगाची बहुतेक कलमे युद्धमंत्री स्टँटन यांना पदावरून काढण्याच्या कायदेशीरपणाभोवती फिरत होती, आणि तो गुन्हा सिद्ध होत नाही असे ट्रम्बुल यांचे मत होते. नागरी हक्क कायद्याला केलेला विरोध हा आरोपच नव्हता, आणि असूही शकत नव्हता, कारण नकाराधिकार वापरणे हा राष्ट्राध्यक्षांचा अधिकारच आहे. ४ एप्रिल १८६६ रोजी सिनेटमध्ये जॉन्सन यांच्या निवेदनाचा मुद्द्यामागून मुद्दा खोडून काढणारे ट्रम्बुल आणि दोन वर्षांनी 'दोषी नाही' म्हणणारे ट्रम्बुल यांच्यात मला विसंगती दिसत नाही. महाभियोगावर स्वतंत्र धागा काढावा असे सुचवतो. आपण काढलात तर मी तिथे येईनच.